पांढऱ्या फडक्यातल्या सासूबाई

योकोहामाच्या धक्क्यावर मी खोटं बोलले नाही. खोटं तो सामान तपासणारा माणूस बोलला, मी फक्त मान खाली घातली. आता मान खाली घालणं हा गुन्हा असेल तर मी सत्तेचाळीस वर्षांची सराईत गुन्हेगार आहे, कारण मुराकोशींच्या घरात सून म्हणून मी दुसरं फारसं काही केलंच नाही.

झालं असं की पेट्या पट्ट्यावरून पुढे गेल्या आणि माझ्या हातात उरला तो डबा. एनॅमलचा, चौकोनी, चार किलोचा, पांढऱ्या सुती फडक्यात बांधून वर गाठ मारलेला. तोही यंत्रातून गेला. पासष्टीचा तो माणूस, हातात पांढरे मोजे, त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या काळ्या कोटाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. मागची रांग ऐकणार नाही इतक्या हळू आवाजात त्याने विचारलं, "बाई, माफ करा हं... हे घरचं कुणी आहे का?"

मला आधी कळेचना. मग माझंच माझ्याकडे लक्ष गेलं. आमच्याकडे दहनभूमीवरून अस्थी घेऊन येणारा माणूस अस्साच उभा असतो. पांढरं फडकं, वर गाठ, दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. माहितीपुस्तकाच्या चौदाव्या पानावर लिहिलं होतं की घरगुती ओलं अन्न जहाजावर आणता येणार नाही. अस्थींबद्दल चौदाव्या पानावर काही नव्हतं.

"सासूबाई," मी म्हणाले, आणि मान खाली घातली.

"सासूबाई!" त्याचे डोळे भरून आले. "सख्ख्या आईला कुणी विचारत नाही हल्ली, आणि तुम्ही सासूबाईंना जग दाखवायला नेताय. धन्य आहे तुमची." त्याने मोजे घातलेले हात जोडले, डब्याला कमरेतून वाकून नमस्कार केला आणि आम्हा दोघींना वाट करून दिली.

डब्यात कोंडा होता. तांदळाचा कोंडा, मीठ आणि पाणी, आंबवलेलं. त्यात काकडी, मुळा, वांगं पुरून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी त्याचं लोणचं होतं. पण हा साधा कोंडा नव्हे. युद्धात तोयामा जळत होतं तेव्हा माझ्या आजेसासूबाईंनी घरातला देव्हारा सोडला आणि हा कोंडा बादलीत घालून नदीकडे पळाल्या. त्यांच्याकडून तो माझ्या सासूबाईंकडे आला, तोमे त्यांचं नाव. आणि माझ्या लग्नाला महिना झाल्यावर सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून डबा माझ्या पुढ्यात सरकवला.

"रोज ढवळायचा," त्या म्हणाल्या. "हात घालून, अगदी तळापासून. एक दिवस चुकलीस की मेला समज. आणि पुरुषाचा हात लागू द्यायचा नाही, कडू होतो."

मी एक दिवस चुकले नाही. बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा पुढे पोट आणि काखेत डबा अशी आगगाडीत चढले होते. माझी आई गेली त्या संध्याकाळी सगळ्या बहिणी तिच्यापाशी बसल्या आणि मी शेवटची गाडी धरून घरी आले, कारण घाईत डबा न्यायचा राहिला होता. ते मी अजून विसरले नाही. माझा नवरा इसामु मासे धरायला चार-चार दिवस जायचा. सासूबाई दर शरदात देवळातल्या बायकांबरोबर तीन रात्री गरम पाण्याच्या झऱ्यावर जायच्या, आणि मी यायच्या आधीच्या बावीस वर्षांतही ही सहल एकदाही चुकली नाही असं आळीभर सांगायच्या. मी घरी, डब्यापाशी.

बरं, एवढं करून यश यावं ना! रोज सकाळी इसामु लोणच्याची फोड तोंडात टाकायचा, दोनदा चावायचा आणि म्हणायचा, "हं. चांगलंय. पण आईच्या हातचं ते नाही." दुष्ट नव्हता तो. खरं तेच बोलायचा, आणि तेच जास्त लागायचं. तो पहिला महिना सासूबाईंच्या हातचं मीही खाल्लं होतं. कानामागे झिणझिण्या आणणारी ती आंबट चव. माझ्या हातून ती कधी उतरली नाही. सासूबाई जाऊन चोवीस वर्षं झाली, इसामु जाऊन दोन. शेवटच्या आजारपणातही त्याने फोड चावून "हं" केलं होतं.

त्यामुळे मुलाने जेव्हा अठ्ठ्याण्णव दिवसांच्या सफरीची जागा माझ्या नावाने राखली, तेव्हा माझा पहिला प्रश्न डब्याचा होता. सून म्हणाली, "आई, वर मिठाचा थर द्या आणि फ्रीजमध्ये ठेवा. तीन महिने झोपतो तो. मी वाचलंय." पोरगी चांगली आहे, पण वाचून कुणाला पोहता आलंय? मी "बरं बरं" म्हटलं आणि डबा पांढऱ्या फडक्यात बांधला.

खोली दोघींची होती. आत गेले तर गोल खिडकीशी एक बाई पाठमोरी उभी. ठेंगणी, ठसठशीत, गळ्यात पिवळा रुमाल. वळून तिने अशा आवाजात नमस्कार केला की शेजारच्या खोलीतल्यांनीही उलट नमस्कार करावा.

"तोकुनागा माचिको! राहणार कुमामोतो! एकोणचाळीस वर्षं सहलीच्या बसमध्ये माहिती सांगण्याची नोकरी, आता निवृत्त! घोरत नाही, पण झोपेत उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा असं म्हणते. चालेल ना?" मग तिची नजर माझ्या हातातल्या पांढऱ्या फडक्यावर गेली आणि आवाज एकदम उतरला. "अगंबाई. या त्याच का? खालून आत्ताच निरोप आला होता."

निरोपच नव्हे, मेजावर छोटा रुमाल पसरून त्यावर शेवंतीचं एक फूल आणि पाण्याचा पेला ठेवलेला होता. शेजारी चिठ्ठी: 'मुराकोशी आजींचं जहाजावर स्वागत.' तो मोजेवाला भला माणूस! अशा भल्या माणसांनीच माणसाची पंचाईत होते. आता "नाही हो, यात लोणचं आहे" म्हणावं तर पहिल्याच तासाला खोटारडी ठरून जहाजावरून खाली. आणि डबा? तो तर समुद्रातच गेला असता. मी सासूबाईंना मेजावर ठेवलं. माचिकोने हात जोडले.

"आजी, तीन महिने आम्हा दोघींना सांभाळून घ्या."

मी खरोखर सांगते, त्या क्षणी डब्यातून हसल्याचा आवाज आला असता तर मला आश्चर्य वाटलं नसतं.

जहाज सुटायच्या वेळी माचिकोने मला ओढतच वर नेलं. बँड वाजत होता, रंगीत कागदी फितींची भेंडोळी वरून खाली फेकली जात होती. माझ्या हिरव्या फितीचं दुसरं टोक खाली माझ्या मुलाच्या हातात होतं. तो काहीतरी ओरडत होता. बँड क्षणभर थांबला आणि त्याचा आवाज स्वच्छ वर आला, "आई! घरातला डबा कुठे दिसला नाही!"

"काय म्हणतात चिरंजीव?" माचिकोने विचारलं.

"तब्येतीला जप म्हणतोय."

"गुणाचा आहे हो," ती म्हणाली. फीत ताणली आणि तुटली. दोघी-चौघी बायका रडल्या. मी नाही रडले, माझा सगळा जीव खाली खोलीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरा प्रश्न उभा राहिला. ढवळायचा कधी? माचिको खोलीतून हलेचना. उठली, पहिला चहा ओतला तो पांढऱ्या फडक्यासमोर ठेवला, खिडकीशी उभी राहिली आणि आपल्या बसमधल्या आवाजात डब्याला सांगू लागली, "मुराकोशी आजी, सुप्रभात! आपल्या उजव्या हाताला आत्ता नुसतं पाणी दिसतंय. डाव्या हाताला भिंत आहे, तिकडे पाहण्यासारखं काही नाही." हे रोज करायचं तिने ठरवलंच होतं. माझ्या सासूबाईंशी इतकं गोड त्या हयात असताना कुणी बोललं नव्हतं.

शेवटी मी डबा उचलला आणि न्हाणीघरात शिरले. नळ मोठा सोडला, गाठ सोडली, बाह्या वर केल्या आणि हात कोपरापर्यंत आत घातला. थंड, ओला, ओळखीचा. योकोहामाला हॉटेलातच एक काकडी पुरून ठेवली होती, ती बोटांना लागली. काढणार तोच दारावर टकटक.

"फुसाए-सान? बऱ्या आहात ना?"

"आहे, आहे!" घाईघाईने झाकण लावलं, हात धुतले, गाठ मारली आणि बाहेर आले. माचिको माझ्याकडे बघत होती, मग माझ्या हातातल्या डब्याकडे.

"आजींना... आंघोळ घातलीत?"

"त्यांना सकाळच्या दमट हवेची सवय आहे," मी म्हणाले. काय तोंडाला येईल ते बोलत होते.

"हो का. तोयामाकडे तशी रीत असेल." तिचं नाक किंचित हललं. "राग मानू नका हं, एक विचारू? आजी जाऊन किती वर्षं झाली?"

"चोवीस."

"चोवीस!" ती विचारात पडली. "आमच्या कुमामोतोला इतकी वर्षं वास राहत नाही."

दुपारी जीवरक्षक होड्यांची कवायत झाली. भोंगा वाजला की हातातलं सगळं टाकून नारिंगी जाकिटं घालून वर जमायचं. दारातून बाहेर पडताना माचिको कुजबुजली, "आजींना घेऊ का?" मला तिचा इतका राग आला, आणि इतकी मायाही वाटली, की मी तिच्या जाकिटाचा बंद उगाच घट्ट ओढला. हिला खरं सांगून टाकावं असं तेव्हाच मनात आलं होतं. पण जी बाई आपला पहिला चहा डब्यापुढे ठेवते तिला कसं सांगायचं की बाई गं, तू कोंड्याला नमस्कार करते आहेस?

कवायतीवरून परतताना जिना एकदम माझ्याकडे आला आणि मग दूर गेला. वारा सुटला होता. संध्याकाळपर्यंत जहाज अशा काही उठाबशा काढू लागलं की मी अंथरुणाला खिळले. पुढचं मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. पोटात काही ठरत नव्हतं. माचिकोला ढिम्म काही झालं नाही. एकोणचाळीस वर्षं आसो पर्वताच्या वळणांवर, रस्त्याकडे पाठ करून उभ्याने गाणी म्हटलेली बाई ती. तिने आपल्या पिशवीतून खारवलेलं आंबट प्लम काढलं, माझा सदरा वर केला आणि ते बेंबीवर ठेवून पट्टीने चिकटवून टाकलं.

"डॉक्टरची गोळी घ्याच, पण हेही असू दे. शाळेच्या सहलीतली अख्खी बस मी यावर घाट उतरवून आणलीय."

मी पडल्या पडल्या डब्याकडे बघत होते. मेजाच्या कडेला तिने आपल्या पिवळ्या रुमालाने त्याला बांधून ठेवलं होतं, पडू नये म्हणून. तिसरा दिवस उजाडला, कळला नाही. हात उचलायची ताकद नव्हती. "आज..." मी म्हणायची, आणि माचिको म्हणायची, "आजींची काळजी करू नका. चहा ठेवलाय. आज लाटा फार आहेत हेही सांगितलंय त्यांना." चौथ्या दिवशी मी रडले. तिला वाटलं पोट दुखतंय. मी सांगू शकत नव्हते की ऐंशी वर्षं जगलेलं काहीतरी माझ्या डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर, मरत चाललंय आणि त्याला मारणारी मीच आहे. आईला सोडून मी ज्याच्यासाठी धावले, ते मी एका मळमळीपायी घालवणार होते.

पाचव्या दिवशी दुपारी जागी झाले तर मेज मेजाच्या जागी होतं. खिडकीत स्वच्छ ऊन. जहाज एक दिवस मागे पडलं होतं, पण समुद्र शांत होता. मला पहिलं काय वाटलं असेल तर भूक. दुसरं वाटलं ते सांगायला नको.

माचिको भाताची पातळ पेज घेऊन आत आली तेव्हा मी जमिनीवर बसून गाठ सोडत होते.

"फुसाए-सान! अहो, काय करताय? आजींना असं उघड्यावर..." तिने पेज खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी डोळे झाकले. बोटांच्या फटीतून बघत होती ते मला दिसत होतं.

मी झाकण उचललं. वर पांढरी साय धरली होती, कडेपासून कडेपर्यंत. उग्र आंबट भपका आला. सत्तेचाळीस वर्षांत मी अशी साय कधी पाहिली नव्हती, कारण धरूच दिली नव्हती. माझा धीर सुटला.

"मेल्या," मी हंबरडा फोडला. "सासूबाई मेल्या! मी मारल्या!"

"अहो, त्या तर..." माचिको घाबरून माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "त्या तर चोवीस वर्षांपूर्वीच गेल्या ना हो?"

मी ऐकत नव्हते. सवयीने बाही वर गेली, हात आत गेला, तळाशी बोटं कशावर तरी अडखळली आणि मी ती काकडी बाहेर काढली. सुरकुतलेली, पिवळट, कोंड्याने माखलेली.

माचिकोने माझा खांदा सोडला.

"आजींमध्ये," माचिको हळूहळू म्हणाली, "काकडी आहे."

मग मी सगळं सांगितलं. चौदावं पान, मोजेवाला माणूस, मान खाली घालणं, न्हाणीघर, सगळं. सांगताना तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. ती पलंगावर बसली. एकदा काकडीकडे पाहिलं, एकदा मेजावरच्या चहाकडे.

"म्हणजे," ती शेवटी म्हणाली, "मी चार दिवस काकडीला चहा पाजला?"

"माफ करा."

"वादळात रुमाल बांधला. माझा स्वतःचा."

"माफ करा, माचिको-सान."

"काल तर मी तिला माझ्या नवऱ्याच्या भानगडी सांगितल्या! म्हटलं, मेलेलं माणूस, कुणाला सांगणार नाही. आतापर्यंत जिवंत कुणापुढे बोलले नव्हते मी." तिचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आता ही खालच्या मजल्यावर जाऊन तक्रार करणार. तिने एकदम मागे डोकं टाकलं आणि इतक्या जोरात हसली की बाहेरून कुणीतरी दार वाजवून "सगळं ठीक ना?" म्हणून गेलं. "ठीक, ठीक!" ती ओरडली. "आजींची आठवण निघाली जरा!" मग माझ्याकडे वळली. "बघतेस काय, धू ती काकडी. चार दिवस तिची सेवा केलीय मी. प्रसाद नको मिळायला?"

'तू' म्हणाली ती मला. बरोबरीच्या कुणी मला 'तू' म्हटल्याला दोन वर्षं झाली होती.

माझ्याजवळ सुरी नव्हती. धुतलेली काकडी हातानेच मोडली आणि अर्धी तिला दिली. ती चावू लागली. मीही चावली, नुसती त्या बिचाऱ्या मेलेल्या जिवाला निरोप द्यायचा म्हणून.

कानामागे झिणझिण्या आल्या.

मी थांबले. पुन्हा चावले. तीच. अगदी तीच. लग्नानंतरचा पहिला महिना, थंड स्वयंपाकघर, सासूबाईंनी ताटलीत सरकवलेल्या दोन फोडी. ज्यासाठी इसामु चाळीस-पंचेचाळीस वर्षं "हं" म्हणत आला आणि वाट बघत आला, ती चव माझ्या तोंडात होती, आणि ती आणण्यासाठी मी काय केलं होतं? काहीच नाही. तीन दिवस आडवी पडले होते.

"झकास आहे की!" माचिको पेजेबरोबर दुसरा घास घेत म्हणाली. "मेलाबिला काही नाहीये हा. माझी आई तर आठवलं की ढवळायची. ही साय आत मिसळून टाकायची, झालं. म्हणायची, जास्त हात घातला की कोंडा लाजतो, आंबत नाही. का गं, तुला कुणी सांगितलं रोज ढवळायला?"

"सासूबाईंनी."

"आणि त्या ढवळायच्या रोज?"

"हो तर! एक दिवस..." आणि माझं तोंड उघडंच राहिलं.

दर शरदात, तीन रात्री, गरम पाण्याचा झरा. मी यायच्या आधी बावीस वर्षं, एकदाही न चुकता. तेव्हा घरात कोण होतं? आजेसासूबाई त्याआधीच गेलेल्या, उरले सासरे आणि इसामु. दोघेही पुरुष. पुरुषाचा हात लागला की कडू होतो. मग त्या तीन दिवसांत डबा कोण ढवळत होतं? कुणीही नाही! माझं लग्न नोव्हेंबरात झालं, त्या नुकत्याच झऱ्यावरून आल्या होत्या. त्या पहिल्या महिन्याच्या फोडी! आणि हा हिशेब सत्तेचाळीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आला नाही. अशा सुनेला काय म्हणावं?

"म्हातारीने फसवलं मला," मी म्हणाले. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "माचिको, फसवलं गं मला. आईजवळ रात्रभर बसू शकले असते मी."

मी रडले. डब्यासाठी नाही, आईसाठी. इतक्या वर्षांचं ते राहिलेलं रडणं होतं. माचिको जमिनीवर माझ्याजवळ येऊन बसली, काकडीचा वास येणाऱ्या हाताने माझी पाठ चोळत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "त्यांच्या सासूनेही त्यांना हेच सांगितलं असेल. रोज ढवळ, नाहीतर मेला. त्या नुसत्या जास्त हुशार निघाल्या."

"आणि मी?"

"तू आज्ञाधारक. तुझ्यासारखी माणसं बसमध्ये असली की मी मोजणी करायची नाही, वेळेवर परत येणार हे ठाऊक असायचं." ती हसली. "पण मजा कमी येते त्यांना."

मला हसू फुटलं. रडताना हसलं की नाक गळतं, तसं गळलं. पण छातीवरून काहीतरी उतरलं होतं, चार किलोपेक्षा कितीतरी जड. मी नाक पुसलं, हात धुतले आणि ती साय आत ढवळून टाकली. घाई न करता, एकदाच. मग पेजेतला उरलेला भात, उरलेली काकडी. चौघींचं जेवण आम्ही दोघींनी संपवलं.

संध्याकाळी माचिकोने किनाऱ्यावरच्या सहलीचा कागद पुन्हा माझ्यासमोर धरला. योकोहामा सुटल्यापासून धरत होती आणि मी "सासूबाईंना एकटं कसं सोडू" म्हणून नाही म्हणत होते. जहाज उद्या तैवानमधल्या किलुंगच्या बंदराला लागणार, तिथे दोन रात्री थांबणार. ज्यांना हवं त्यांना तैपेईजवळच्या डोंगरात गरम पाण्याच्या झऱ्यावर मुक्काम. नावं द्यायची शेवटची वेळ सात.

मी नाव लिहिलं. मुराकोशी फुसाए, वय बहात्तर. अक्षर जरा वाकडं आलं.

सकाळी धक्का दिसू लागला तेव्हा छोटी पिशवी खांद्याला लावून मी मेजाशी गेले. फडकं नीट केलं, गाठ घट्ट मारली. माचिकोने सवयीप्रमाणे चहा ठेवला होता. ठरलं होतं की जहाजावर आजी आजीच राहणार, आणि त्यांना चहा मिळत राहणार.

"आजी," ती खिडकीशी उभी राहून म्हणाली, "आपल्या उजव्या हाताला किलुंगचं बंदर!"

मी हात जोडले. उभ्या आयुष्यात सासूबाईंसमोर मी एवढ्या सरळ मानेने कधी उभी राहिले नव्हते.

"सासूबाई," मी म्हणाले, "दोन दिवस गरम पाण्याला जाऊन येते. तुम्ही मराल असं तुम्हीच सांगितलं होतं, पण तुम्ही काही मरायच्या नाही."